'अनसंग' नेमकं कोण? तानाजी, नावजी आणि तुमचा रिसर्च गॅप

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास पडतं. या विषयाकडे आजवर अभ्यासकांचं दुर्लक्ष झालेलं आहे. गेल्या दोन वर्षांत जे जे ज्युनिअर्स 'जरा नजर टाका ना' म्हणून ड्राफ्ट पाठवतात, त्यांतल्या बहुतेकांमध्ये हे वाक्य या ना त्या रूपात सापडलं. कुठे 'उपेक्षित', कुठे 'विस्मृतीत गेलेला', कुठे 'अल्पपरिचित'. आणि जवळजवळ कुठेही त्याच्या बाजूला 'कोणाकडून उपेक्षित?' याचं उत्तर नव्हतं.

आज या वाक्यावर बोलायचंय, पण एका सिनेमाच्या निमित्ताने. तो तुम्ही बहुतेकांनी पाहिलेला आहे: 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर'. दिग्दर्शक ओम राऊत, 10 जानेवारी 2020 ला प्रदर्शित झाला. लॉकडाऊनच्या आधीच्या मोठ्या गर्दीच्या सिनेमांपैकी तो एक होता. वाशीच्या मल्टिप्लेक्समध्ये शिट्ट्या आणि घोषणा ऐकल्याचं मला आठवतंय. पुढे अजय देवगणला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमा चांगला की वाईट, खरा की खोटा, यावर त्या वेळी भरपूर लिहून झालं. मला खटकला तो पोस्टरवरचा एक शब्द. अनसंग. म्हणजे न गायलेला.

आता जरा थांबा आणि हा शब्द कोणाला लावलाय ते बघा. मराठीत ज्याच्यावर सर्वांत गाजलेल्या पोवाड्यांपैकी एक आहे, त्या माणसाला. पोवाडा ही वाचायची गोष्ट नव्हेच; डफ-तुणतुण्यावर उभं राहून गायची गोष्ट. तुळशीदास शाहिराने सिंहगडाचा पोवाडा रचला. परंपरा त्याला शिवकालातला मानते. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण तो जुना आहे याबद्दल नाहीत. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यात तो आला. ॲकवर्थने 1894 मध्ये मराठी पोवाड्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातही तानाजी आहेत. 1903 मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आली. सावरकरांनी सिंहगडावर पोवाडा लिहिला. बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सिंहगड' 1923 चा; आपट्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी केलेला बोलपट 'सिंहगड' 1933 चा. आणि राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने चौथीच्या 'शिवछत्रपती'मध्ये हा धडा वाचलेला आहे. रायबाच्या लग्नाचं ते वाक्य तुम्हाला पाठ असेल, मी लिहायची गरज नाही.

इतकं गायलं गेल्यावरही माणूस अनसंग? मग संग म्हणायचं तरी कोणाला?

घाईने सिनेमाला खोटं ठरवू नका, कारण इथेच गंमत आहे. आमच्या नेरुळच्या अभ्यासिकेत मी हा प्रश्न टाकला तेव्हा एका मुलीने (लखनौची, सीबीएसईमधून आलेली) शांतपणे सांगितलं की हे नाव तिने सिनेमा येईपर्यंत ऐकलं नव्हतं. बीडहून आलेल्या मुलाचा त्यावर विश्वासच बसेना. नवी मुंबईत हे रोज घडतं. एकाच लोकलच्या डब्यात, एकाच बाकावर, एकाला पोवाडा तोंडपाठ आणि शेजाऱ्याला नावही माहीत नाही. म्हणजे 'अनसंग' हा शब्द तानाजींबद्दल काही सांगतच नाही. तो प्रेक्षकाबद्दल सांगतो. हिंदी बाजारात हे नाव नवं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण पोस्टरवर 'हिंदी प्रेक्षकाला माहीत नसलेला' असं लिहून तिकिटं खपत नाहीत, म्हणून बाजारपेठेतली उणीव इतिहासातली उणीव म्हणून मांडली गेली.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य बरोबर हेच करतं. इंग्रजी जर्नलमध्ये सापडलं नाही म्हणून 'अभ्यास झालेला नाही'. स्कॉलरवर दोन शब्द टाकून पाहिले, काही आलं नाही, झाला गॅप तयार. मराठीतला छापील ग्रंथ, दादरच्या संग्रहालयातला जुना अंक, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेली साधनं, यांतलं काही शोधखिडकीत येत नाही. मग व्हायव्हाला समोरचे सर चष्मा वर करून एकच पुस्तकाचं नाव घेतात आणि पुढची वीस मिनिटं तुमची नसतात.

सिनेमा स्वतःच स्वतःच्या शीर्षकाच्या विरोधात साक्ष देतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात उदयभानाने पळवून आणलेली कमलकुमारी आहे. ती कुठून आली? सभासद बखरीत नाही. ती आपट्यांच्या कादंबरीतली नायिका. वेष पालटून गडाची माहिती काढणं हे पोवाड्यातलं. पोवाड्यातला उदेभान अफाट खाणारा, राक्षसी ताकदीचा, सोबत हत्ती बाळगणारा आहे. सैफ अली खानचा उदयभान त्याच घराण्यातला वाटतो. म्हणजे ज्यांनी 'कोणी गायलं नाही' म्हटलं, त्यांनी आधीच्या गाणाऱ्यांकडूनच साहित्य उचललं. तुमच्या भाषेत सांगायचं तर लिटरेचर वापरलं आणि लिटरेचर नसल्याचा दावा केला. सिनेमात हे खपतं. प्रबंधात याला वेगळं नाव आहे.

आता थरांकडे येऊ, कारण कीर्तीचा अभ्यास म्हणजे शेवटी थर सोलणं. सगळ्यात खाली काय आहे? जेधे शकावलीत या घटनेची त्रोटक नोंद आहे: माघ वद्य नवमी, म्हणजे 4 फेब्रुवारी 1670. पुरंदरच्या तहात 1665 मध्ये जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा होता, तो परत घेतला. त्यानंतर कृष्णाजी अनंत सभासद. त्याने 1690 च्या दशकात जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. त्यात तानाजी आहेत, निवडक 300 मावळे आहेत, माकडांसारखं कडा चढून जाणं आहे, उदेभानाशी झुंज आणि दोघांचं पडणं आहे, मग भाऊ सूर्याजींनी लोक सावरून गड ताब्यात घेणं आहे, आणि गड सर झाल्याची खूण म्हणून पेटवलेली पागेची खोपटी आहेत.

काय नाही तेही बघा. घोरपड नाही. रायबाचं लग्न नाही. शेलारमामा नाहीत. दोर कापणं नाही. आणि सिंहही नाही! महाराजांच्या तोंडी सभासद जे घालतो त्याचा अर्थ एक गड मिळाला, एक गड गेला असा आहे. तानाजी हाच एक गड, अशी ती कोटी. 'सिंह' नंतर आला, आणि मग किल्ल्याचं नावच त्या सिंहावरून पडलं अशी समजूत पक्की झाली. पण शिवाजी महाराजांच्या 1663 च्या पत्रातच किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असा आहे. म्हणजे तानाजी तिथे चढायच्या सात वर्षं आधी.

माझ्या मते सभासदाची कोटी आपट्यांच्या शीर्षकापेक्षा सरस आहे. तिच्यात माणूस आणि दगड एका तराजूत घातलेत, आणि बोलणारा राजा हिशेब करता करता मध्येच अडखळतो. सिंह आल्यावर हिशेब जातो, गौरव उरतो. पण टिकलं शीर्षक. का टिकलं? कारण किल्ल्याचं नाव रोज उच्चारलं जातं. पुण्याहून रविवारी पिठलं-भाकरी खायला जाणारा माणूस 'सिंहगडला चाललोय' म्हणतो तेव्हा नकळत ती गोष्टही सांगतो. कीर्तीला असा एक खिळा लागतो, रोजच्या वापरातला. लग्न पुढे ढकलणारा बाप हा दुसरा खिळा, घरोघरी कळतो. यशवंती घोरपड हा तिसरा. मुलांना तीच आठवते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. गेम खेळणाऱ्यांनी 'डायनॅस्टी वॉरियर्स'मधला लू बू पाहिला असेल. डोक्यावर लांब पिसं, मैदानात आला की पळायचं. हा हान साम्राज्य मोडत असतानाचा चिनी सरदार. दोन धन्यांना त्याने स्वतः मारलं, शेवटी शियापीला त्साओ त्साओच्या हाती सापडला आणि इसवी सन 199 च्या सुमारास मारला गेला. तिसऱ्या शतकातल्या छन शौच्या इतिहासात त्याचं चरित्र आहे, त्यात त्याचा 'तांबडा ससा' नावाचा घोडा आहे, आणि धन्याच्या एका दासीशी त्याचा संबंध आल्याचा उल्लेख आहे. दासीला नाव नाही. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचोंगच्या नावावर असलेल्या 'तीन राज्यां'च्या कादंबरीपर्यंत येईतो ती दासी त्याओछान नावाची अपूर्व सुंदरी होते आणि सगळा कट तिच्याभोवती फिरतो. मग नाटकं, मालिका, गेम. घोडा आपल्या घोरपडीच्या जागी, त्याओछान कमलकुमारीच्या जागी. एक मोठा फरक आहे: लू बू विश्वासघातकी होता आणि हरला, तरी अठराशे वर्षं टिकला. म्हणजे कीर्ती हे सद्गुणाचं बक्षीस असतं, हा आपला आवडता सिद्धान्त तिथे चालत नाही. आपल्याकडे तो चालतो असं वाटतं, कारण आपण तपासून पाहिलेलं नसतं.

तर तपासू. आणि आता मी तुम्हाला एक असं नाव देतो की जे वाचून तुमच्यापैकी बहुतेकांची भुवई वर जाईल. नावजी बलकवडे.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतरच्या धामधुमीत सिंहगड पुन्हा मोगलांकडे गेला होता. राजाराम महाराज जिंजीत. मागे महाराष्ट्रात शंकराजी नारायण सचिव किल्ले परत घ्यायच्या खटपटीत. 1693 मध्ये नावजी बलकवडे आणि विठोजी कारके यांनी मावळे घेऊन, चढाई करून सिंहगड परत घेतला. तोच किल्ला. तोच मोगल शत्रू. तसंच धाडस. तानाजींनंतर 23 वर्षांनी. परिस्थिती तर जास्तच वाईट, कारण 1670 मध्ये राजगडावर स्वतः शिवाजी महाराज होते, 1693 मध्ये छत्रपती शेकडो मैल दूर वेढ्यात होते. नावजींना इनाम मिळालं. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव नीट माहीत आहे. पण धडा नाही, कादंबरीचं शीर्षक नाही, प्रभातचा बोलपट नाही. 'अनसंग वॉरियर' हे पोस्टर कोणाला शोभलं असतं, सांगा.

संशोधनाच्या दृष्टीने ही जोडी म्हणजे लॉटरी आहे. प्रसिद्धीवर काम करणाऱ्यांची नेहमीची चूक अशी की ते फक्त प्रसिद्ध माणसं घेतात. दहा प्रसिद्ध वीर घ्यायचे, त्यांच्यातले समान गुण काढायचे, आणि 'म्हणून ते प्रसिद्ध झाले' म्हणायचं. पण तेच गुण अंगी असून प्रसिद्ध न झालेले कुठेत? त्यांना घेतल्याशिवाय तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नाही. विज्ञानवाले याला कंट्रोल म्हणतात. इथे किल्ला एकच, काम एकच, निकाल एकच, आणि कीर्तीत जमीन-अस्मानाचा फरक. आयती तुलना.

मग फरक कशाने पडला? पहिलं उत्तर सगळे देतात: तानाजी पडले, नावजी जिंकून जगले. मरणाने गोष्ट पूर्ण होते. बाजीप्रभू, मुरारबाजी यांच्याकडे पाहिलं तर पटतंही. जगलेल्या माणसाची पुढची वर्षं इनामाच्या कागदात आणि हक्काच्या वादांत जातात; त्याचा पोवाडा कोण करणार? मला हे उत्तर अर्धंच वाटतं. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदांनी 60 माणसांनिशी पन्हाळा घेतला तेव्हा तेही जगले, आणि त्या विजयावर जयराम पिंड्ये यांनी लगेच 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य लिहिलं. म्हणजे जगूनही काव्य मिळू शकतं. पण काव्य मिळूनही कोंडाजी घरोघरी पोचले नाहीत. 2018 मध्ये 'फर्जंद' सिनेमा आला तेव्हा कित्येकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. दरबारी संस्कृत काव्य पंडितांच्या घरात राहिलं. तुळशीदासाचा पोवाडा चावडीवर गेला. म्हणजे 'कोणी लिहिलं का' हा प्रश्न पुरेसा नाही. कुठल्या भाषेत, कुठल्या प्रकारात, कोणासमोर, हेही विचारावं लागतं. मरणापेक्षा माझा कौल या बाजूला आहे.

आणखी एक गोष्ट मला गेले काही महिने सोडत नाहीये. सभासदाने बखर लिहिली ती जिंजीत, 1690 च्या दशकात. म्हणजे नावजींनी सिंहगड घेतल्याच्या आसपासच्या वर्षांत. तानाजींची हकिगत ऐकणाऱ्या राजाराम महाराजांच्या दरबाराला तो किल्ला नुकताच गमावून नुकताच परत मिळाल्याचं ठाऊक असण्याची दाट शक्यता आहे. सभासदाचा विषय थोरल्या महाराजांचं चरित्र, त्यामुळे नावजींना त्यात जागा नव्हतीच. पण जुनी चढाई इतक्या जिव्हाळ्याने सांगण्यामागे ताज्या बातमीचा काही हात असेल का? असेल तर विचित्र न्याय झाला म्हणायचा: नावजींच्या पराक्रमाने तानाजींची गोष्ट जागी केली आणि स्वतः मागे राहिला. हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. पण अंदाज तपासता येण्यासारखा आहे, आणि त्यालाच प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणतात.

वरच्या थरांबद्दल थोडक्यात. प्रत्येक काळाने तानाजींना आपल्या शब्दांत बोलायला लावलंय. पोवाड्यात जिजाऊ फासे खेळून लेकाकडून किल्ला जिंकतात आणि सारा मामला घरातल्या मानपानासारखा चालतो. आपट्यांकडे स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न पुढे येतो. सावरकरांकडे पारतंत्र्य. 2020 च्या ट्रेलरने या लढाईला सर्जिकल स्ट्राइक म्हटलं. 2016 च्या आधी हा शब्द कोणाला सुचला नसता. सिनेमात नागीण नावाची प्रचंड तोफ आणली, कारण आजच्या प्रेक्षकाला शत्रूच्या हातात महाशस्त्र लागतं. यावर चिडणं सोपं आहे. मी चिडत नाही. घोरपड चालते तर तोफ का नाही? पण नोंद करायला हवी की कुठला थर कधी चढला. 'तान्हाजी'वर माझा आक्षेप तोफेवर नाही. त्याने आपल्या पायाखालचे थर नाकारले, यावर आहे. आधीच्या शाहिरांचं ऋण मान्य करणारा सिनेमा याच तोफेसकट निघू शकला असता.

प्रत्यक्ष काम करायचं असेल तर पनवेलहून गोवा हायवेने पोलादपूरकडे जा, जवळच उमरठ आहे, तानाजींचं गाव. तिथे स्मारक आहे. मग सिंहगड. तिथे तानाजींची समाधी आहेच, उदेभानाचं स्मारक म्हणूनही एक जागा दाखवतात. दोन्हीकडे लोक काय सांगतात ते लिहून घ्या. कोण काय सांगतं, त्यात घोरपड कितव्या मिनिटाला येते, सूर्याजींचं नाव येतं का, आणि तुम्ही नावजींचं नाव काढल्यावर समोरचा काय म्हणतो. हे सगळं साधन आहे, फक्त त्याचा काळ 2020 नंतरचा, हे विसरू नका. शालेय पुस्तकं आणि सिनेमा त्या सांगण्यात मिसळलेले असणार.

आणि सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आजच खोडा. त्याच्या जागी मी असं काहीसं लिहीन: सिंहगडाच्या 1670 च्या चढाईवर पोवाडा, बखर, कादंबरी, नाटक-सिनेमा आणि पाठ्यपुस्तक अशी अखंड परंपरा उपलब्ध आहे, 1693 च्या चढाईची नोंद प्रामुख्याने कागदपत्रांत आणि इतिहासग्रंथांत आहे, या दोहोंची कीर्तीच्या दृष्टीने तुलना प्रस्तुत अभ्यासात केली आहे. वाक्य लांबलंय, गाईड त्यातला 'अखंड' शब्द काढायला लावतील आणि बरोबरच करतील, कारण 1670 ते 1891 मधली परंपरा कुठे कुठे तुटली ते आधी दाखवावं लागेल.